नाशिकच्या एनआयसीयूतलं (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातलं) बाळाच्या मेंदूचं मॉनिटरिंग, आमचा ११ रात्रींचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

हॉस्पिटलचं नाव टाकत नाही कारण बाळ कोणाचं ते लगेच कळेल, मुंबई नाक्याकडचं आहे एवढंच सांगतो. आणि रिव्ह्यू अख्ख्या हॉस्पिटलचा नाही, फक्त त्या मेंदूच्या मॉनिटरचा आणि तो बघणाऱ्या माणसांचा आहे.

ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी निफाडला आलेली. बाळ छान होतं, दोन दिवस नीट प्यायलं, चौथ्या दिवसापासून ओढेचना, उचललं की मान टाकायचं, मधेच अंग ताठ करायचं आणि पाय सायकल चालवल्यासारखे हलवायचं. आधीच्या दवाखान्यात म्हणाले कावीळ असेल, कोवळ्या उन्हात धरा. लंगोटाला गोडसर वास यायचा, साखर जळाल्यासारखा, तर आई म्हणाली ताई रोज मेथीचे लाडू खातेय ना, त्याचाच असेल, आणि आम्हा सगळ्यांना ते पटलं पण.

रात्री साडेदहाला नाशिकला आणलं. ड्युटीवरच्या मॅडमनी लंगोट स्वतः हुंगला आणि पहिला प्रश्न विचारला, लग्न नात्यात झालंय का? झालंय, दाजी आमच्या आत्याचाच मुलगा. लगेच दूध बंद, सलाईनमधून ग्लुकोज चालू, रक्त-लघवी घेतली, अमोनियाचं सॅम्पल बर्फात ठेवून लॅबला पळवलं, आणि अर्ध्या तासात डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून मॉनिटर सुरू.

आजार निघाला मेपल सिरप युरिन डिसीज. ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन ही प्रोटीनमधली तीन अमिनो आम्लं पुढे मोडणारं एन्झाइम या बाळांत काम करत नाही, मग दुधातलंच ल्युसिन साठत जातं आणि मेंदूला सूज येते. मेथीला जो वास असतो तो सोटोलोन नावाच्या पदार्थाचा, आणि तोच पदार्थ या बाळांच्या लघवीत असतो, म्हणजे आईच्या नाकाने वास बरोबर ओळखला होता! पण बाळ सुस्त आहे आणि असा वासही येतोय तर कृपा करून लाडवांवर ढकलू नका, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या.

आता मॉनिटर. त्याला एईईजी म्हणतात. एका तासाची मेंदूची हालचाल साधारण ६ सेंटीमीटरच्या पट्ट्यात दाबून दाखवतो, त्यामुळे अख्खी रात्र एका नजरेत दिसते. पट्ट्याची खालची कड ५ मायक्रोव्होल्टच्या वर आणि वरची १० च्या वर हवी, आमच्या बाळाची खालची कड पार तळाला गेलेली. पहिल्याच पहाटे तीनच्या सुमाराला बाळ एकदम शांत होतं, मी काचेतून बघत होतो, मला वाटलं झोपलंय, पण स्क्रीनवर पट्टा करवतीच्या दातांसारखा वर-खाली व्हायला लागला आणि सिस्टरने डॉक्टरांना उठवलं. झटका चालू होता. हातपाय काहीच हललं नव्हतं! नवजात बाळांचे बरेच झटके असेच असतात म्हणे, डोळ्यांना दिसतच नाहीत. एका मशीनसाठी एवढं का लिहितोय ते यावरून कळेल.

अर्थात आजार कुठला ते मॉनिटर सांगत नाही, ते अमिनो आम्लांच्या रिपोर्टवरून कळलं, तो मुंबईहून आला. छोटे किंवा डोक्याच्या एकाच भागातले झटके यातून निसटू शकतात म्हणून दुसऱ्या दिवशी पूर्ण ईईजी (डोक्याच्या सगळ्या भागांतल्या मेंदूच्या लहरींची तपासणी) पण काढला, त्यात कंगव्याच्या दातांसारख्या लाटा दिसल्या, या आजारात दिसतात तशा. मग पोटातून डायलिसिस. ल्युसिन उतरत गेलं तशी पट्ट्याची कड वर येत गेली आणि सहाव्या रात्री पट्टा रुंद-अरुंद, रुंद-अरुंद व्हायला लागला, म्हणजे मेंदूत झोप आणि जाग परत आली. बाळाने अजून डोळे उघडले नव्हते. मॅडमनी ताईला आत बोलावून, स्टुलावर बसवून, स्क्रीनवर बोट ठेवून ते दाखवलं. बाळ अ‍ॅडमिट झाल्यापासून ताई त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवली.

आजीने नात्यातल्या लग्नावरून आत्याला बोलायला सुरुवात केली तेव्हा पण मॅडमनीच समजावलं की जनुकातला दोष आई आणि वडील दोन्हीकडून एकेक आलेला असतो, आईवडील स्वतः ठणठणीत असतात, प्रत्येक बाळंतपणात २५ टक्के शक्यता, पुढच्या वेळी गरोदरपणात आधी तपासता येतं.

एक स्टार का कापला? एका रात्री इलेक्ट्रोड सुटला आणि दोन-अडीच तास कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण पट्टा वाचता येणारी सिस्टर त्या रात्री सुट्टीवर. आजारी बाळाच्या बाबतीत हे मला अजून सहन होत नाही. मॉनिटरचा रोजचा चार्ज आधी सांगितला नाही, बिलात दिसला. आणि ल्युसिन नसलेली दुधाची पावडर नाशिकमध्ये मिळाली नाही, दाजी पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन घेऊन आले. हा आजार केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात आहे, मुंबईचं केईएम त्याचं केंद्र आहे आणि तिथून ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते, हे आम्हाला डिस्चार्जच्या दिवशी कळलं, ते पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं.

कोणाचं बाळ असं अ‍ॅडमिट करायची वेळ आली तर मशीन आहे का एवढंच विचारू नका, रात्री तो पट्टा कोण वाचतं ते पण विचारा.