प्रारूप विकास आराखड्याची हरकत-सुनावणी : पाचपैकी तीन

कोकण किनाऱ्यावरच्या एका छोट्या नगरपरिषदेने प्रारूप विकास आराखडा, म्हणजे गावातली कुठली जमीन पुढे कशासाठी वापरायची याचा मसुदा, प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवल्या. नकाशा पाहण्यापासून सुनावणीपर्यंतच्या या सेवेला पाचपैकी तीन गुण. मिळालेले गुण माणसांच्या कामाचे, कापलेले दोन नकाशाचे.

आवक खिडकीवर हरकत दोन प्रतींत घेतात आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का मारून लगेच परत देतात. साधा कागद चालतो. रचना सहायकाला (नगररचनेचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याला) सर्व्हे नंबर सांगितला की तो नकाशावर बोट ठेवून जागा दाखवतो, आरक्षण क्रमांक लिहून देतो. आरक्षण म्हणजे रस्ता, मंडई अशा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेली जमीन. एवढं नीट काम सगळीकडे होत नाही, म्हणून आधी लिहिलं.

आता नकाशा. सभागृहात लावलेला नकाशा 1:4000 या प्रमाणाचा आहे. म्हणजे 1 मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे 4 मीटर. बारा मीटरचा प्रस्तावित रस्ता 3 मिलिमीटर रुंद दिसतो; जांभ्याच्या गडग्यांमधून (दगडी कुंपणांमधून) जाणारी दोन मीटरची पाणंद अर्ध्या मिलिमीटरात बसते. बहुतेक लोक संकेतस्थळावरची पीडीएफ ए-3 कागदावर छापून घेतात. मूळ नकाशा ए-0 आकाराचा, त्यामुळे लांबी साधारण 2.8 पट कमी होते आणि तोच रस्ता जेमतेम एका मिलिमीटरवर येतो. अशा कागदावर पट्टी ठेवून 'रस्ता माझ्या पडवीतून जातो' असं ठरवू नका. शुल्क भरून आपल्या सर्व्हे नंबरचा प्रमाणित भाग नकाशा घ्या आणि भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणी नकाशाशी ताडून बघा. हद्दीच्या खुणा जुळल्या नाहीत तर तीच पहिली हरकत.

पण खरी गडबड प्रारूपात नाही, त्याच्या आधीच्या विद्यमान भूवापर नकाशात, म्हणजे जमीन आज कशासाठी वापरतात ते दाखवणाऱ्या नकाशात आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 25 खाली हा नकाशा आधी तयार होतो आणि आरक्षणं त्यावर बेतली जातात. या नगरपरिषदेच्या भूवापर नकाशात मच्छीमार वाड्यासमोरची सगळी पुळण (किनाऱ्यावरची वाळू) 'मोकळी जागा' म्हणून रंगवली आहे. तिथे वाळूवर जाळी अंथरून बांगडा आणि जवळा सुकवतात, होड्या ओढून ठेवतात, फाटलेली जाळी सांधतात. पण हे सगळं पावसाळा सरल्यावर ते मे महिन्यापर्यंत. पाहणी पावसाळ्यात झाली किंवा त्या काळातलं छायाचित्र वापरलं तर जागा रिकामीच दिसणार. शिवाय सातबाऱ्यावर नाव सरकारचं, त्यामुळे कागदावर वापर करणारा कुणीच नाही. अशा जागेवर वाहनतळाचं आरक्षण पडलं, यात नवल नाही. व्हाळाचंही, म्हणजे ओढ्याचंही, तसंच. वरून बघितलं तर माडांच्या झावळ्यांखाली तो दिसत नाही, आणि नकाशावर त्याच्या पात्रातून रस्ता सरळ जातो. भरतीच्या वेळी मोठा पाऊस आला की व्हाळाचं पाणी खाडीत उतरत नाही, मागे फिरतं. तिथे भराव घातला तर वरच्या वाडीत पाणी शिरणार, हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

यावर हरकत लिहिताना भावना कमी आणि पुरावा जास्त हवा. सागरी किनारा नियमन अधिसूचनेनुसार मच्छीमारांच्या सामाईक जागा, मासळी सुकवण्याच्या जागासुद्धा, किनारा व्यवस्थापन नकाशावर दाखवायच्या असतात. त्या नकाशाची प्रत जोडा. तिथेही जागा नसेल तर तेही नमूद करा. जोडीला हंगामातले तारीख असलेले फोटो, मच्छीमार सहकारी सोसायटीचा ठराव, आणि जागेची लांबी-रुंदी मीटरमध्ये. 'आरक्षण रद्द करा' एवढंच लिहिलं तर समितीला काही करता येत नाही. 'आरक्षण क्रमांक अमुकचा वापर बदलून तिथे मासळी सुकवण्याची जागा करावी. वाहनतळासाठी अमुक सर्व्हे नंबरचा विचार व्हावा' असं लिहा.

सामाईक सातबारा असेल तर मुंबईतल्या हिस्सेदारांनीही आपापली सही करून वेगळी हरकत द्यावी. एकाच कागदावर चाळीस सह्या घेतल्या की बऱ्याच ठिकाणी ती एकच हरकत मोजली जाते आणि सुनावणीची नोटीस पहिल्या नावाला जाते. पहिलं नाव चाकरमान्याचं असेल आणि गावच्या घराला कुलूप असेल, तर नोटीस दारावर चिकटून राहते. मुदत राजपत्रातल्या तारखेपासून मोजतात, वर्तमानपत्र हाती आलं त्या दिवसापासून नाही.

सुनावणी घेणाऱ्या नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. इथे समितीने लोकांना बोलू दिलं, पण प्रत्येकाला मिनिटं मोजकीच मिळाली. त्यामुळे भाग नकाशावर लाल पेनाने खूण करून नेलेल्यांचं काम झालं. तोंडी सांगत बसलेल्यांचा वेळ सर्व्हे नंबर शोधण्यातच गेला. सेवेतली मोठी उणीव यानंतरची: हरकत का मानली किंवा का फेटाळली, याचं कारण लेखी कळवत नाहीत. माहिती अधिकारात समितीच्या अहवालाची प्रत मागावी लागते. अर्जात आपला आवक क्रमांक आणि आरक्षण क्रमांक, दोन्ही घाला.

एक मुद्दा हरकतींत फारसा दिसला नाही, तो पैशांचा. आठवडी बाजार, मासळी मंडई, क्रीडांगण अशी आरक्षणं खासगी जमिनींवर टाकली आहेत. आराखडा अमलात आल्यापासून 10 वर्षांत जमीन घेतली नाही तर याच अधिनियमाच्या कलम 127 खाली मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर 24 महिन्यांत भूसंपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. तोवर मालकाचे हात बांधलेले आणि गावाला मंडईही नाही. मासळी विकणाऱ्या बायका तेवढी वर्षं रस्त्याच्या कडेलाच बसणार. म्हणून मंडईच्या आरक्षणावर सूचना देताना नगरपरिषदेच्या स्वतःच्या मालकीची जागा शोधून तिचा नगर भूमापन (सिटी सर्व्हे) क्रमांक लिहून द्या. मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) भूमी अभिलेख कार्यालयात मिळते. ती जोडली की समितीसमोर नुसती मागणी नाही, जागाच ठेवता येते.