पापण्यांची खाज आणि कोरडे डोळे: आठ महिने काय काय वापरलं

मी मुद्रितशोधनाचं काम करते. गेल्या सप्टेंबरात दिवाळी अंकाची प्रुफं तपासताना एका संध्याकाळी 'संपादक' या शब्दावर मला दोन अनुस्वार दिसायला लागले. पापणी मिटून उघडली की एक, चार-पाच सेकंदांनी पुन्हा दोन. चष्म्याचा नंबर तपासून घेतला, तो होता तेवढाच निघाला. वरच्या पापण्यांना महिनाभर आधीपासून खाज सुटत होती, पण तिचा याच्याशी काही संबंध असेल असं तेव्हा डोक्यातही आलं नाही.

खाज कशी होती ते आधी सांगते, ज्यांना आहे त्यांना लगेच ओळखू येईल. पापणीच्या कडेला, केसांच्या मुळाशी, बहुतेक वेळा उजव्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात. सकाळी उठल्यावर नसायची. दुपारी चुरचुर सुरू व्हायची, संध्याकाळी कंड, आणि रात्री दिवा मालवला की उशीत डोळे घासावेसे वाटायचे. आरशात पाहिलं तर काहीच नाही. लाली नाही, पापुद्रे नाहीत, चिपडं नाहीत. 'दिसत तर काही नाही' हे वाक्य मी घरी ऐकलं, कामावर ऐकलं, दवाखान्यातही ऐकलं, आणि प्रत्येक वेळी ते लागलं. आई फोनवर एवढंच म्हणायची, 'अगं, चोळू नकोस.' तिचं बरोबर होतं. सतत डोळे चोळल्याने बुबुळाच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा आकारही बिघडू शकतो, हे मला नंतर कळलं.

पहिल्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत ॲलर्जी ठरवली. ॲलर्जीचे थेंब, रोज रात्री एक अँटीहिस्टामाइनची गोळी, आणि कोरडेपणा वाटला तर डोळ्यांत घालायला एक साधी बाटली, 'कितीही वेळा घाला' असं सांगून. मी ती बाटली दिवसातून आठ-दहा वेळा घालत होते. दीड महिन्याने खाज थोडी कमी झाली होती, पण डोळे मात्र वाळू गेल्यासारखे खुपायचे. का, ते पुढच्या डॉक्टरांकडे समजलं. ॲलर्जीच्या या गोळ्यांनी अश्रू कमी होऊ शकतात. आणि त्या बाटलीत टिकाऊपणासाठी बेंझाल्कोनियम क्लोराइड होतं. ते जंतूंना मारतं तसंच सारखं सारखं घातलं तर डोळ्याच्या वरच्या नाजूक थरालाही त्रास देतं. दिवसातून दोनदा घालणाऱ्याला कदाचित काही होणारही नाही, पण दहा वेळा घालणाऱ्याची गोष्ट वेगळी. बाटलीवर ते नाव बारीक अक्षरात छापलेलं होतं. दिवसभर बारीक अक्षरं वाचणं हेच माझं काम, आणि ते मी वाचलं नव्हतं, याचं मला खरंच वाईट वाटलं.

दुसऱ्या डॉक्टर कॉर्निया, म्हणजे बुबुळापुढचा तोच पारदर्शक पडदा, बघणाऱ्या. त्यांनी पाऊण तास दिला. खालच्या पापणीच्या बाहेरच्या बाजूला कागदाची बारीक पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवलं. पट्टी उजव्या डोळ्यात १४ मिलिमीटर भिजली, डाव्यात १२. मग नारिंगी रंग डोळ्याला लावून, निळ्या उजेडात बघत, 'आता पापणी मिटू नका' म्हणून त्या मोजायला लागल्या. एक, दोन, तीन, चार. चारला उजव्या डोळ्यावरचा अश्रूंचा थर फाटला, डावा तीनलाच. साधारण दहा सेकंद तरी टिकायला हवा म्हणे. माझ्या दोन अनुस्वारांचं गणित तिथे सुटलं: थर फाटला की अक्षर फुटतं, पापणी मिटली की नवा थर पसरतो आणि अक्षर जुळतं.

'पाणी पुरेसं आहे तुमच्याकडे, ते टिकत नाहीये,' असं म्हणून त्यांनी पापणीची कड काचेच्या कांडीने हलकेच दाबून दाखवली. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० सूक्ष्म तैलग्रंथी असतात. मायबोम या जर्मन वैद्यांनी १६६६ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या मायबोमियन ग्रंथी. त्यांच्यातलं तेल अश्रूंवर तवंगासारखं पसरतं आणि पाणी उडू देत नाही. दाबल्यावर तेल स्वच्छ, पातळ यायला हवं. माझ्या पापणीतून टूथपेस्टसारखं दाट, पांढरट काहीतरी आलं, आणि काही ग्रंथींच्या तोंडांतून काहीच आलं नाही. थायरॉइडची आणि स्योग्रेन आजाराची (यात शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रूंच्या ग्रंथींवर उठते) रक्ततपासणी झाली, दोन्हीत काही निघालं नाही.

तेव्हापासून आजपर्यंत जे जे वापरलं त्याचा अनुभव लिहिते. माझ्यासाठी सगळ्यात वरचा नंबर शेकाचा.

सुरुवातीला गरम पाण्यात रुमाल बुडवून, पिळून त्याची घडी ठेवायचे. दोन मिनिटांत गार. दाट झालेलं तेल वितळायला पापणीला ४० अंशांच्या आसपासची ऊब निदान पाच मिनिटं तरी सलग मिळावी लागते, आणि ते रुमालाने जमत नाही. महिनाभर मी रुमालाचा शेक घेऊन 'काही फरक नाही' म्हणत होते, तो फरक पडण्यासारखा नव्हताच. मग मायक्रोवेव्हमध्ये तापवायचा, आत बारीक मणी असलेला मास्क घेतला. २० सेकंद तापवायचा, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहायचा, आणि मगच डोळ्यांवर. दहा मिनिटं पडून राहायचं. काढल्यावर लगेच वरच्या पापणीवरून खाली आणि खालच्या पापणीवरून वर, केसांच्या दिशेने बोट फिरवायचं, बुबुळावर जोर न देता. त्यानंतर चार-पाच मिनिटं धूसर दिसतं, त्याला घाबरू नये. फरक जाणवायला मला पाच आठवडे लागले. पाच आठवडे हा आकडा मुद्दाम लिहिते आहे, कारण तिसऱ्या आठवड्यात मी सोडून देणार होते.

लहानपणी रांजणवाडी झाली की आजी बोट तळहातावर गरम होईपर्यंत घासायची आणि पापणीवर टेकवायची. मास्क डोळ्यांवर ठेवून पडले की तिचं ते बोट आठवतं. रांजणवाडीतही पापणीतल्या अशाच ग्रंथी सुजलेल्या असतात, आणि ऊब द्यायची हे तिला ठाऊक होतं.

मास्कबद्दल तक्रार एकच. पहिल्याची शिवण तीन महिन्यांत उसवली आणि मणी चादरीवर सांडले. विक्रेत्याने बदलून दिला नाही. दुसरा घेताना शिवण दुहेरी आहे का आणि वरचा कापडी अभ्रा काढून धुता येतो का, हे बघून घेतला. तो अजून टिकून आहे. अभ्रा आठवड्यातून दोनदा साध्या पाण्यात धुते.

थेंबांचं असं. आता मी टिकाऊ रसायन नसलेले, एकदा वापरायच्या छोट्या प्लॅस्टिक कुप्यांमधले थेंब घालते, दिवसातून चारदा. बाटलीच्या मानाने खर्च मला चार-पाच पट येतो आणि महिन्याच्या हिशेबात तो बोचतो. पण घातल्यावर जळजळत नाहीत, हा फरक पहिल्याच दिवशी कळला. रात्री झोपताना दाट जेल. त्याने दिसणं धूसर होतं म्हणून अगदी दिवा मालवताना. आमच्याकडे बारा महिने डोक्यावर पंखा चालतो, आणि झोपेत माझी डावी पापणी जराशी उघडी राहते हे नवऱ्याने टॉर्च लावून बघितलं. जेल सुरू केल्यापासून आणि पंख्याचा झोत पायांकडे वळवल्यापासून पहाटे पापणी चिकटून दुखत नाही.

इथपर्यंत कोरडेपणाचं झालं. दोन अनुस्वार साधारण फेब्रुवारीपर्यंत गेले. खाज मात्र राहिली. कोरडेपणा आणि खाज हा एकच त्रास आहे असं मी धरून चालले होते, डॉक्टरही बराच काळ तसंच धरून होत्या. एकाला बरं वाटलं आणि दुसरी जागची हलली नाही, तेव्हा लक्षात आलं की हे दोन त्रास आहेत. ज्यांचे डोळे थेंबांनी सुधारले पण पापण्या खाजायच्या थांबल्या नाहीत, त्यांनी त्वचारोगतज्ज्ञांना जरूर दाखवावं. पापणीची कातडी शरीरातली सगळ्यात पातळ, तिला कशाचंही पटकन लागतं.

त्याआधी मी एक चूक केली. पापण्यांच्या केसांत डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म किडे असतात, त्यांनी खाज येते, असं वाचून टी ट्री तेलाच्या पुसण्या मागवल्या. डॉक्टरांनी केसांची मुळं सूक्ष्मदर्शकातून पाहिली होती. तो किडा असला की मुळाशी नळीसारखी खपली दिसते, ती मला नव्हती. तरी वापरल्या. चौथ्या दिवशी पापण्या सुजून लाल झाल्या. टी ट्री तेलाचीच कित्येकांना ॲलर्जी असते. लहान मुलांच्या शांपूने पापण्या धुवून पाहिल्या, तेही झोंबलं. शेवटी उकळून गार केलेलं पाणी आणि स्वच्छ मऊ सुती कापड, एवढ्यावर आले, आणि माझ्या पापण्यांना तेवढंच मानवतं. आईने पाठवलेलं गुलाबपाणी आणि घरचं तुपाचं काजळ, दोन्ही कपाटात ठेवून दिलं. आईला तसं सांगितलं तेव्हा ती जरा गप्प झाली, मग म्हणाली, 'तुला बरं वाटू दे म्हणजे झालं.'

मलमाबद्दल सावधपणे लिहिते. त्वचारोगतज्ज्ञांनी सात दिवसांपुरतं सौम्य स्टेरॉइड दिलं. दुसऱ्या रात्री खाज पूर्ण गेली, किती तरी महिन्यांनी मी न खाजवता झोपले. बंद केल्यावर दहाव्या दिवशी परत आली. तेव्हा दुकानातून तीच नळी पुन्हा आणायचा मोह फार मोठा होता. आणू नका. डोळ्याच्या इतक्या जवळ स्टेरॉइड लांबलं तर डोळ्याचा दाब वाढू शकतो, मोतीबिंदू होऊ शकतो, आणि दाब वाढलेला आपल्याला कळतही नाही.

पॅच टेस्ट, म्हणजे कातडीला कशाची ॲलर्जी आहे हे शोधायची तपासणी, फेब्रुवारीत केली. पाठीवर एकेक संशयित पदार्थ भरलेल्या छोट्या गोल डब्या चिकटवतात, ४८ तासांनी काढून बघतात, मग ९६ तासांनी पुन्हा. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही आणि घाम येऊ द्यायचा नाही, म्हणून उन्हाळ्याच्या आत उरकलेलं बरं. आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर गाजरगवत माजलेलं असतं आणि घरात सगळ्यांचा संशय त्याच्यावरच होता. संशय उगाच नव्हता. भारतात या गवताकडे लक्ष गेलं तेच १९५५ च्या सुमारास आमच्या पुण्यात, आणि त्याचे हवेतले कण पापण्यांवर, मानेवर, कोपराच्या खळगीत बसून कातडी दाहते, हे त्वचेच्या डॉक्टरांना पक्कं माहीत आहे. पण माझ्या पाठीवर त्या डबीखाली काहीच उठलं नाही. निकेलला उठलं, ते मला खोट्या कानातल्यांवरून कॉलेजपासून माहीत होतं. आणि सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणाला हलकी लाली आली.

सुगंध म्हटल्यावर मी अत्तर, क्रीम, साबण शोधत बसले. त्यातलं मी काहीच डोळ्यांजवळ नेत नाही. मग एक दिवस स्कूटर काढताना स्कार्फ बांधला, नेहमीसारखा नाकावरून घेऊन डोळ्यांच्या अगदी खालपर्यंत, आणि कपडे धुताना शेवटी घालतो त्या कंडिशनरचा वास आला. रोज दीड तास ते कापड माझ्या पापण्यांना घासत होतं, आणि आतला श्वासही वर डोळ्यांकडेच येत होता. स्कार्फ, उशीचे अभ्रे, टॉवेल हे सगळं बिनवासाच्या साबणात वेगळं धुवायला लागले आणि हेल्मेटची काच खाली घेऊन स्कार्फ हनुवटीपाशी बांधायला लागले. महिनाभरात खालच्या पापण्यांची खाज थांबली. वरच्यांची निम्म्याने कमी झाली.

ओमेगा-३ च्या कॅप्सूल तीन महिने घेतल्या आणि सोडल्या. २०१८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ड्रीम नावाची चाचणी छापून आली होती. ५३५ जणांना वर्षभर एक तर ओमेगा-३ किंवा ऑलिव्ह तेल दिलं, आणि ओमेगा-३ काही सरस ठरलं नाही. मलाही वेगळं जाणवलं नाही, त्यापेक्षा ते पैसे कुप्यांना लागतात.

फुकटात सगळ्यात जास्त उपयोग झाला तो पापण्या नीट मिटण्याचा. एरवी माणूस मिनिटाला १५ ते २० वेळा पापण्या मिटतो, स्क्रीनसमोर हे प्रमाण खूप घटतं, आणि मिटतो तेही अर्धवट. तैलग्रंथीतलं तेल पूर्ण मिटल्याशिवाय नीट बाहेर येत नाही. मी परिच्छेद संपला की थांबते, डोळे पूर्ण मिटते, दोन आकडे मोजते, उघडते. कामाचा वेग पडेल अशी भीती होती, तो पडला नाही.

नोव्हेंबरपासून एक वही ठेवली आहे. तारीख, वेळ, कोणती पापणी, त्या दिवशी काय वेगळं झालं, आणि शेवटचा रकाना कारणाचा. डॉक्टरांना तोंडी सांगण्यापेक्षा ती वही पुढे ठेवलेली बरी पडते. स्कार्फचं कोडं सुटायलाही तिचाच आधार झाला, कारण घरी राहिलेल्या दिवसांच्या नोंदी जवळजवळ कोऱ्या होत्या. शेवटच्या रकान्यात काही पानांवर 'स्कार्फ' आहे, काहींवर 'जागरण', 'पंखा', 'प्रवास'. गेल्या मंगळवारी घरीच होते, शेक घेतला होता, थेंब वेळेवर घातले होते. तरी रात्री सव्वादहाला खाज उठली. उजवी, वरची, नाकाकडची बाजू. थंड पाण्याची घडी ठेवली, वीस मिनिटांनी उतरली. वहीत ओळ लिहिली आणि शेवटचा रकाना मोकळा सोडला.