धायटीच्या फुलांचा अर्क, कॅन्सर सेलवरची टेस्ट आणि शिरोलीकडची लॅब – माझा अनुभव

कोल्हापुरात झाडपाल्याच्या अर्काची कॅन्सर सेलवर टेस्ट कुठं करून मिळते असं मला गेल्या वर्षभरात दहाबारा जणांनी तरी विचारलंय, म्हणून एकदाच सगळं नीट लिहिते. शिरोली एमआयडीसीच्या अलीकडं एक छोटी टेस्टिंग लॅब आहे, खाली मसाले आणि दुधाचे सॅम्पल तपासतात आणि वरच्या मजल्यावर सेल कल्चर, म्हणजे जिवंत सेल (पेशी) वाढवून त्यांच्यावर टेस्ट, तिच्याबद्दल हे आहे. मी एम.फार्मची, विषय फार्माकॉग्नोसी, म्हणजे झाडपाल्यातल्या औषधांचा अभ्यास. आधीच सांगते, लॅब चांगली आहे, वेळ लय घेतात, पण काम खरं करतात, आणि या कामात खरं करणं म्हणजे काय ते मला आधी दुसरीकडं पैसे घालवल्यावरच कळलं.

माझं झाड धायटी. पन्हाळ्याच्या वाटेला, जोतिबाच्या डोंगराकडं उतारावर भरपूर आहे, फेब्रुवारीत अख्खं झुडूप लाल होतं. तोडताना बोटाला मध चिकटतो आणि मधमाशा हलत नाहीत, दोन तासात जेमतेम एक पिशवी भरली. आसव-अरिष्ट करताना आंबवायला ही फुलं घालतात, त्यामुळं आयुर्वेदवाल्यांना नवीन नाही, पण टॅनिन आणि पॉलिफेनॉल (झाडातली तुरट रसायनं) प्रचंड असतात म्हणून गाईड मॅडम म्हणाल्या बघूया कॅन्सर सेलवर काय करते. फुलं सावलीत वाळवली, विद्यापीठाच्या बॉटनी डिपार्टमेंटमधनं झाड ओळखून व्हाऊचर नंबर (जपून ठेवलेल्या नमुन्याचा नोंद नंबर) घेतला, 50 ग्रॅम पावडरीतनं मिथेनॉलमध्ये 11 ग्रॅम तपकिरी चिकट अर्क निघाला. इथपर्यंत सगळं आपल्या हातातलं असतं. सेलचं काम कॉलेजात होत नाही, तिथं बाहेर द्यावं लागतं आणि तिथंच फसायला होतं.

पहिल्यांदा दिलं ते बाहेरगावच्या एका लॅबला, नाव लिहीत नाही. 2,500 रुपये, आठ दिवसात दोन पानी पीडीएफ. एमसीएफ-7 म्हणजे ब्रेस्ट कॅन्सरच्या सेल, त्यांच्यावर आयसी-50 आली 18 मायक्रोग्रॅम. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आयसी-50 म्हणजे ज्या डोसला निम्म्या सेल खलास होतात तो डोस, आकडा जितका छोटा तितकं औषध तेज. कच्च्या अर्काला 20 च्या आत आलं तर पुढं बघण्यासारखं, असा साधारण मापदंड धरतात. म्हणजे मी आत होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणि मी आत्याला फोन केला. आत्याची तेव्हा केमो चालू होती, ब्रेस्टचीच. मी नुसतं सांगितलं की आत्या माझ्या फुलांनी तुझ्यासारख्या कॅन्सरच्या सेल मेल्या गं. ती आधी गप्प बसली आणि मग म्हणाली, "मग मला आण की थोडी फुलं, काढा करून घेते." पुढच्या रविवारी बाबांच्या हातनं मीच एक बरणी पाठवली. आता हे लिहिताना सुद्धा हात जड होतो. तिच्या डॉक्टरांनी विचारल्याशिवाय काहीही घ्यायचं नाही म्हणून बजावलेलं, त्यामुळं तिनं निदान त्यांना विचारेपर्यंत घेतलं नाही, तेवढं नशीब.

गाईड मॅडमना पीडीएफ बघून बरं वाटलं नाही. कंट्रोलचे, म्हणजे अर्क न घातलेल्या तुलनेच्या सेलचे आकडे कुठायत, रॉ डेटा कुठाय, नॉर्मल सेलवर केलंय का, काहीच नाही. मी मेल टाकले, उत्तर आलं की रॉ डेटा देत नाही. म्हणून मग शिरोलीच्या लॅबला गेले. तिथल्या सरांनी पीडीएफ दोन मिनिटं बघितली आणि एकच विचारलं, "मॅडम, स्टॉक किती स्ट्रेंथचा केला होता त्यांनी?" स्टॉक म्हणजे अर्क विरघळवून केलेलं मूळ द्रावण, आणि डीएमएसओ म्हणजे ते विरघळवायचं सॉल्व्हंट. खाली बारीक अक्षरात होतं, डीएमएसओमध्ये 1 मिलिग्रॅम पर एमएल. सरांनी तिथंच चलनाच्या मागं हिशोब मांडला. स्टॉक एवढा पातळ असला तर सेलला 10 मायक्रोग्रॅम द्यायला 1 टक्का डीएमएसओ जातो, 20 ला 2 टक्के, 50 ला 5 टक्के. आणि अर्ध्या टक्क्याच्या वर जाऊच नये म्हणतात, कारण डीएमएसओनंच सेल मरायला लागतात. कंट्रोलला त्या लॅबनं नुसतं मीडियम (सेल वाढवायचं पाणी) ठेवलेलं, डीएमएसओ नाहीच. म्हणजे माझ्या 18 आकड्यात फुलं किती आणि सॉल्व्हंट किती हे कुणालाच सांगता येणार नाही. मी ते चलन अजून जपून ठेवलंय.

शिरोलीच्या लॅबनं स्टॉक 100 मिलिग्रॅम पर एमएलचा केला, सगळ्यात वरच्या 200 मायक्रोग्रॅमच्या डोसला सुद्धा डीएमएसओ 0.2 टक्केच, आणि तेवढाच कंट्रोलला पण. सेल पुण्याच्या एनसीसीएसमधनं (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) आणलेल्या, त्याचा कागद दाखवला, पॅसेज नंबर (सेल किती वेळा नव्यानं वाढवल्या तो आकडा) सांगितला, मायकोप्लाझ्माची (सेलला लागणाऱ्या जंतूची) टेस्ट कधी केली ती तारीख पण. हे सगळं मी न विचारताच त्यांनी दाखवलं.

मला प्लेट बघायला बोलावलं, ते विसरणार नाही. तळहाताएवढी प्लास्टिकची प्लेट, 96 छोटे खड्डे. सेल जिवंत आहेत का ते बघायला घालतात ते एमटीटी नावाचं रसायन पिवळं असतं, जिवंत सेल त्याचं जांभळं करतात, सेल मेली की पिवळंच राहतं, मग 570 नॅनोमीटरला रंग मोजायचा. 1983 पासूनची पद्धत आहे, जगभर हीच वापरतात. एका रांगेत पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे सेल नक्की मारणारं माहितीतलं औषध म्हणून डॉक्सोरुबिसिन होतं, लाल. सरांनी व्हायल धरली तेव्हा मला एकदम आत्याची सलाईन आठवली, तिला तेच लाल औषध चालू होतं, लघवी लाल होते म्हणून पहिल्या दिवशी किती घाबरली होती ती. त्या रांगेत सगळे खड्डे पिवळे. माझ्या रांगेत वरच्या डोसला सुद्धा जांभळं. आणि मग सरांनी कडेचे तीन खड्डे दाखवले, त्यात सेल नव्हत्याच, नुसता माझा अर्क आणि एमटीटी, आणि ते पण जांभळे! धायटीतलं पॉलिफेनॉल स्वतःच एमटीटीचा रंग बदलतं, सेल असो नसो. म्हणजे आता उलटी चूक होत होती, मेलेल्या सेल जिवंत दिसत होत्या. टॅनिनवाल्या झाडांना हा धोका कायम आहे, अर्जुन, हिरडा, आवळा घेणाऱ्यांनी लिहून ठेवा, सेल नसलेले खड्डे मागून घ्या.

मग त्यांनी एसआरबी नावाची दुसरी टेस्ट करायला सांगितलं, त्यात सेलमधलं प्रोटीन रंगवून मोजतात, त्यामुळं हा घोळ होत नाही. निकाल: एमसीएफ-7 वर 112 मायक्रोग्रॅम. एल-929 म्हणजे उंदराच्या नॉर्मल सेल, त्यांच्यावर 131. दोन्हीचा भागाकार 1.17. म्हणजे कॅन्सरची सेल आणि चांगली सेल यात माझी फुलं जवळजवळ फरकच करत नाहीत. मी तिथं खुर्चीवर बसून रडले, खरं सांगते. सरांनी चहा मागवला आणि म्हणाले की हा रिपोर्ट थीसिसमध्ये घाला, लपवू नका.

नंतर घरी वाचत बसले तेव्हा जरा धीर आला. अमेरिकेच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटनं 1960 पासून वीसेक वर्षांत सुमारे 35,000 वनस्पतींचे अर्क तपासले आणि त्यातनं औषधं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी निघाली. त्यातलं टॅक्सोल आणि कॅम्प्टोथेसिन ही दोन्ही शोधण्यात आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी होते. कॅम्प्टोथेसिन 1966 ला एका चिनी झाडात सापडलं, 1972 ला तेच आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडात असल्याचं छापून आलं, आणि त्याच्यापासून केलेली औषधं अमेरिकेत बाजारात यायला 1996 उजाडलं, मधली बरीच वर्षं तर ते विषारी म्हणून बाजूलाच पडलेलं. आत्याला लाल औषध संपल्यावर पुढं चार महिने जे चढवलं ते टॅक्सोलच, यू नावाच्या झाडाच्या सालीतनं निघालेलं. झाडातनं औषध येतं यावर माझा विश्वास म्हणूनच कमी झालेला नाही, फक्त एका पीडीएफवरनं ते येत नाही.

आता तक्रारी. तीन आठवडे सांगून सहा लावले. फोन दुपारी चार नंतरच उचलतात. ग्राफ फोटोसारखा देतात, एक्सेलची फाईल दोनदा मागावी लागली, दिली मात्र पूर्ण, प्रत्येक खड्ड्याच्या रीडिंगसकट. स्टुडंट म्हणून वेगळा रेट नाही. एका अर्काला एका सेल लाईनमागं (एका जातीच्या सेलमागं) 4,000, माझ्या दोन लाईन म्हणजे 8,000, एसआरबी निम्म्या दरात करून दिलं म्हणून आणखी 4,000, वर 18 टक्के जीएसटी, एकूण 14,160. एम.फार्मच्या पोरांना हे जड आहे, दोघीतिघींनी मिळून एका बॅचला दिलं तर काही कमी करतात का विचारा, आम्ही विचारलंच नाही.

जाताना अर्क पूर्ण सुकवून न्या, मिथेनॉलचा वास येत असला तर ते परत पाठवतात, आणि बरोबरच आहे ते. व्हाऊचर नंबर, झाडाचा कुठला भाग, कधी आणि कुठनं तोडला ते लिहून न्या. स्टॉक कसा करणार ते आधी विचारा, नॉर्मल सेल लाईन सांगून घ्या नाहीतर ते आपणहून लावत नाहीत. हायवेवर उतरून दहा मिनिटं चालावं लागतं, उन्हाचं रिक्षा करा, सॅम्पल बर्फात असतं.

दुसरा रिपोर्ट आला त्याच संध्याकाळी मी आत्याकडं गेले आणि सांगितलं की काढा घेऊ नकोस, माझंच चुकलं. ती म्हणाली, "अगं पण तू तपासलंस ना पुन्हा." बरणी ओट्यावरच होती, झाकण न उघडलेली, तिनं तशीच हातात दिली. ऑगस्टमध्ये तिची केमो संपली. ती फुलं घरात राहिलेली म्हणून टेस्टला चालत नाहीत, आमच्या ज्युनिअर मुलींना पावडर मायक्रोस्कोपी शिकायला दिली. नव्या फुलांच्या अर्काचे आता वेगवेगळ्या सॉल्व्हंटनं चार भाग (फ्रॅक्शन) केलेत, इथिल ॲसिटेटचं सगळ्यात गडद आलंय, सोमवारी घेऊन शिरोलीलाच जाणार आहे.