तुमचा मुलगा मारतो की खेळतो?

शनिवारी सकाळी आझाद मैदानावर तंबूच्या सावलीत बसलेले बाप एकमेकांना हमखास विचारतात: "तुमचा ओपन करतो ना? मारतो की खेळतो?" मुंबईत ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. 'खेळतो' म्हणजे नव्या चेंडूवर टिच्चून उभा राहतो. 'मारतो' म्हणजे पहिल्याच षटकात कव्हरच्या डोक्यावरून. घरात तेरा-चौदा वर्षांचा सलामीवीर असेल, तर यातलं काय पक्कं करायचं हा प्रश्न एव्हाना जेवणाच्या ताटापर्यंत आला असेल.

खेळणाऱ्यांचं घराणं आपलंच. 1971 मध्ये गावसकर वेस्ट इंडीजला गेले आणि पहिल्याच मालिकेत चार कसोटींत 774 धावा काढून आले. पुढे कसोटीत 10,122 धावांवर थांबले. हा खडूसपणा घडतो कांगा लीगमध्ये. 1948 पासून ही स्पर्धा ऐन पावसाळ्यात होते. ओल्या खेळपट्टीवर एक चेंडू थांबून येतो, पुढचा सरपटत जातो. मी तिथे खालच्या डिव्हिजनमध्ये सात मोसम ओपन केलं. बुटात चिखल आणि नावापुढे एक आकडी धावा, असाच बहुतेक हिशेब. पण कुठला चेंडू सोडायचा, हे तिथेच कळलं.

या वाटेचा तोटा उघड आहे. 1975 च्या विश्वचषकात लॉर्ड्सवर 60 षटकांत 335 करायच्या होत्या आणि गावसकर 174 चेंडूंत 36 वर नाबाद राहिले. आज असं कुणी खेळलं तर पुढच्या सामन्यात पाणी घेऊन जायची वेळ येईल. टी-ट्वेंटीसाठी पोरं हेरणारे लोक सोडलेले चेंडू मोजत नाहीत.

मारणाऱ्याचं नशीब वेगळं. तो लवकर नजरेत भरतो आणि तितक्याच लवकर नजरेतून उतरतो. चाळीस चेंडू खेळून बाद झालेल्याला 'चांगला चेंडू पडला' म्हणतात. चौथ्या चेंडूवर झेल दिलेल्याने 'विकेट फेकली'. हे ऐकून घ्यायची कातडी लागते. सेहवागकडे ती होती. डिसेंबर 2003 मध्ये मेलबर्नला 195 वर असताना कॅटिचला षटकार मारायला गेला आणि सीमेवर झेल देऊन बसला. कुणीही पुढच्या वेळी हात आवरला असता. तीनच महिन्यांनी मुलतानला याने त्रिशतक गाठलं ते सकलेनला षटकार मारूनच! आपल्या ब्रेबॉर्नवर 2009 मध्ये 293 वर श्रीलंकेच्या मुरलीधरनने स्वतःच्याच गोलंदाजीवर परतीचा झेल घेतला, तेव्हाही चेहऱ्यावर फार काही हललं नाही. मागचा चेंडू मागे टाकायची ही सवय म्हणजे बेफिकिरी नव्हे. मला तरी ती शिस्तच वाटते, आणि बचावापेक्षा अवघड.

उलट बाजूही बघा. पृथ्वी शॉने 2013 मध्ये हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत 330 चेंडूंत 546 ठोकल्या, 2018 मध्ये राजकोटला कसोटी पदार्पणात शतक केलं. 2020 च्या अ‍ॅडलेडला सामन्याच्या दुसऱ्याच चेंडूवर स्टार्कने त्रिफळा उडवला, दुसऱ्या डावात चार धावा, आणि कसोटीतली जागा गेली. बॅट-पॅडमधली फट अख्ख्या जगाने स्लो मोशनमध्ये पाहिली. मारणाऱ्याला तंत्राची उधारी चालत नाही.

आणखी एक, जे बाप लोक विसरतात. सेहवागने कसोटी पदार्पणातलं शतक सहाव्या क्रमांकावर केलं होतं. आपला बोरिवलीचा रोहित शर्मा 2013 पासून कसोटीत मधल्या फळीत होता. तिथे पहिल्यांदा ओपन केलं 2019 मध्ये विशाखापट्टणमला, 176 आणि 127. तेव्हा चौदाव्या वर्षी शिक्का मारायची घाई कशाला?

माझं मत विचाराल तर यशस्वी जयस्वालकडे बघा. राजकोटला 2024 मध्ये एका डावात 12 षटकार मारणारा हाच, आणि त्याच वर्षी पर्थला पहिल्या डावातल्या शून्यानंतर 297 चेंडू खेळून 161 करणाराही हाच. म्हणून नेटमध्ये मुलाचे षटकार मोजू नका. बीट झाल्यावर, म्हणजे चेंडू बॅटला चकवून गेल्यावर, पुढच्या चेंडूला तो काय करतो ते बघा. लाज वाटून बॅट फिरवली, तर अजून वर्षभर 'खेळू' द्या. चेंडू बघूनच मारला, तर कोचला सांगा, याचे हात बांधू नका.

माझा भाचा डोंबिवलीहून येतो, किटबॅग घेऊन सामानाच्या डब्यातून. गेल्या रविवारी ओळीने तीनदा बीट झाला. चौथा आखूड पडला, तो पुल करून चार. मग 22 वर तसाच एक मारताना मिडविकेटला झेल. परतताना ठाणं येईपर्यंत गप्प होता. मग म्हणाला, "मामा, तो मारायचाच होता ना?"

"होता," म्हटलं. "उशिरा मारलास."