नावाची सजावटी पट्टी: फोटोशॉप, गिम्प, फोटोपी की कॅन्व्हा?

माझी आत्या रोज सकाळी एक चारोळी लिहून घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते. मध्यंतरी तिच्या मनात आलं की चारोळीखाली आपल्या नावाची नक्षीदार पट्टी असावी. काही लोक मेलखाली लावतात तशी, रुंद आणि बुटकी: मागे पिंपळपानाचा फोटो, पुढे सोनेरी अक्षरं. "कशात करू रे?" तिनं विचारलं. फोटोशॉप, गिम्प, फोटोपी आणि कॅन्व्हा या चित्रं करायच्या चारही सॉफ्टवेअरांत मी तिची पट्टी करून पाहिली, त्यातून हे लिहितोय.

फिल्टर किती, ब्रश किती, हे मोजत बसू नका. पट्टीत खरं काम दोनच गोष्टींचं असतं: देवनागरी अक्षर नीट उमटणं आणि महिन्याभरानं ते बदलता येणं. म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर उघडलं की नक्षीला हात लावण्याआधी एक ओळ टाकून बघा: "कऱ्हाड, शिल्प, क्षितिज, हृद्य, ट्रॉफी". कऱ्हाडमधला अर्धा ऱ वाटीसारखा दिसतो का, शिल्पमधली वेलांटी योग्य जागी बसते का, ट्रॉफीतला ट्र जोडला जातो का, ते कळतं. इथे पाय मोडके निघाले तर बाकीचं कौतुक वाया.

फोटोशॉपची मजा अशी की १९९० साली आलेलं हे सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं जोडाक्षरांशी भांडत राहिलं. जुन्या आवृत्तीत मराठी टाइप केलं की वेलांटी चुकीच्या बाजूला आणि पाय मोडलेला, असं व्हायचं. म्हणूनच आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांनी श्री-लिपीसारखे जुन्या पद्धतीचे फॉन्ट सोडले नाहीत. त्यांत अक्षरांचे तुकडे इंग्रजी कळांवर बसवलेले असतात, त्यामुळे सॉफ्टवेअरला देवनागरी कळायची गरजच पडत नाही. पट्टी शेवटी चित्रच असल्यानं आजही ही युक्ती चालते. फक्त व्हॉट्सॲपवरून कॉपी केलेलं नाव त्यात थेट चिकटवता येत नाही, आणि फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की तो फॉन्ट नसल्यानं अगम्य लिपी दिसते. नव्या आवृत्तीत युनिकोड, म्हणजे फोनवर आणि व्हॉट्सॲपवर टाइप होतं ते मराठी, सरळ चालतं. तुमच्याकडे जुनी असेल तर प्रेफरन्सेसमध्ये टाइपच्या पानावर दक्षिण आशियाई भाषांचा पर्याय निवडावा लागतो.

फोटोशॉपचे पैसे वसूल होतात ते लेयर स्टाइलमध्ये, म्हणजे चित्राच्या एकेका थराला (लेयरला) वेगळी सजावट देण्याच्या सोयीत. नावाला बाहेरची रेघ, सावली, उठाव, सोनेरी ग्रेडियंट द्या, उद्या आत्यानं "सौ." काढून टाकायला सांगितलं तरी अक्षरं बदलून सगळी सजावट तशीच राहते. फोटो अक्षरांच्या आत ओतायचा तर क्लिपिंग मास्क, एका क्लिकचं काम. एक खोच मात्र लक्षात ठेवा: मोठी पट्टी लहान करताना इमेज साइझच्या खिडकीत 'स्केल स्टाइल्स' चालू नसेल तर सहा पिक्सेलची रेघ सहाच राहते आणि नाव गुबगुबीत होतं. खर्चाचं म्हणाल तर २०१३ पासून नवी आवृत्ती भाडेतत्त्वावरच मिळते. फक्त एका पट्टीसाठी महिन्याचं भाडं भरणं मला तरी पटत नाही. ऑफिसात आधीच असेल तर गोष्ट वेगळी.

गिम्प फुकट आहे आणि मराठीच्या बाबतीत आधीपासूनच शहाणं. युनिकोड फॉन्ट टाका, जोडाक्षरं बरोबर येतात. टेक्स्ट टूलच्या पर्यायांत भाषाही निवडता येते, आणि तिथे मराठी निवडून बघावी. कारण बऱ्याच फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मराठी वळण आत असलं तरी भाषा सांगितल्याशिवाय ते बाहेर येत नाही. २००९ च्या शासन निर्णयानं पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण ठरवला. आत्यासारख्या निवृत्त शिक्षिकेला तो फरक लांबून कळतो. भाषेची भानगडच नको असेल तर 'तिरो देवनागरी मराठी' हा मोफत फॉन्ट घ्या, त्यात मराठी वळणंच आहेत.

गिम्पबद्दलची जुनी तक्रार ही की सावली दिली की ती चित्रात कायमची बसायची, नाव बदललं की सगळं पुन्हा. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीनं हे दुखणं बरंच कमी केलं. आता फिल्टर लेयरवर जिवंत राहतात, नंतर उघडून बदलता येतात. तरीही फोटोशॉपच्या लेयर स्टाइलचा सुटसुटीतपणा इथे नाही. नावाभोवती जाड रेघ हवी तर मी अजून जुनीच वाट धरतो: अल्फा टू सिलेक्शननं अक्षरांचा आकार निवडा, सिलेक्शन चार पिक्सेल वाढवा, खालच्या लेयरवर रंग भरा. क्लिपिंग मास्कही फोटोशॉपसारखा नाही, लेयर मास्कनं भागवावं लागतं. शिकायला दोन रविवार जातील.

कमानीसारखं वळवलेलं नाव हवं असेल तर मात्र निवड बदलते. बहुतेक ठिकाणी वळणावर ठेवलेल्या मजकुराचं एकेक अक्षर फिरवून मांडलेलं असतं. इंग्रजीत ते खपतं. मराठीत शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि नाव दातेरी कंगव्यासारखं दिसतं. फोटोशॉपचं 'वॉर्प टेक्स्ट' अक्षरांची बाह्यरेषाच वाकवतं, त्यामुळे शिरोरेषा अखंड राहते. गिम्पचं 'टेक्स्ट अलाँग पाथ'ही अक्षरं वाकवूनच बसवतं, पण हाती येतो तो पाथ, म्हणजे नुसती बाह्यरेषा. मजकूर म्हणून तो पुन्हा बदलता येत नाही, रंगही आपणच भरायचा. अक्षरांमधलं अंतर वाढवण्याचा मोहही असाच टाळावा. इंग्रजी नावाला ते ऐटबाज दिसतं, मराठीची शिरोरेषा तुटते.

फोटोपी ब्राउझरमध्ये चालतं, इन्स्टॉल काही करावं लागत नाही, आणि तोंडवळा इतका फोटोशॉपचा की हात आपोआप त्याच जागी जातो. लेयर स्टाइल आहेत, फोटोशॉपची पीएसडी फाइल उघडते. फाइल आपल्याच संगणकावर राहते, कुठे चढवली जात नाही, हे मला आवडलं. बाजूला जाहिराती असतात, पैसे भरले की जातात. भाच्याच्या लॅपटॉपवर तासभर बसून पट्टी करायची असेल तर मी हेच उघडेन. फॉन्टची फाइल तेवढी पेनड्राइव्हवर न्यावी.

कॅन्व्हात पट्टी दहा मिनिटांत होते, आणि दिसायलाही बरी. पण मोफत खात्यात पारदर्शक पार्श्वभूमीचा पीएनजी (चित्राच्या फाइलचा एक प्रकार) डाउनलोड होत नाही, स्वतःचा फॉन्ट चढवता येत नाही. म्हणजे चारोळीच्या चित्रावर ठेवायला जी पट्टी हवी, नेमकी तीच पैसे मागते. चारोळी आणि नाव दोन्ही कॅन्व्हातच मांडणार असाल तर हा अडसर उरत नाही. मग बाकीची यातायात कशाला?

आत्यासाठी मी गिम्प निवडलं. ती रोज नवं काही करणार नाही, एकदा नीट झालं की झालं, आणि "सौ." चा निकाल लागायचा असल्यानं मूळ फाइल बदलण्याजोगी हवी होती. मोदक हा मुंबईच्या 'एक टाइप'चा गलेलठ्ठ फॉन्ट तिला फार आवडला होता. मोठ्या आकारात तो झकास दिसतो, पण पट्टीएवढा केला की अक्षरांच्या आतल्या फटी बुजतात, म्हणून सोडला.

चूक माझीच झाली, तीही शेवटी. पारदर्शक पीएनजी, सोनेरीऐवजी काळं केलेलं नाव, पांढऱ्या पडद्यावर देखणं. ते तिच्या मेलखालीही लावून दिलं. काकांच्या फोनवर डार्क मोड होता. त्यांना फक्त पिंपळाचं पान दिसलं. मग अक्षरांभोवती फिकट पिवळी कड दिली आणि दोन्हीकडे भागलं. चित्र १२०० बाय ३०० पिक्सेलचं केलं आणि मेलमध्ये ६०० बाय १५० वर बसवलं, म्हणजे नव्या फोनच्या पडद्यावर अक्षरं धुरकट होत नाहीत. जेपीजीत पारदर्शकता टिकत नाही, शिवाय अक्षरांच्या कडेला मळ दिसतो. एक्ससीएफ ही गिम्पची मूळ फाइल मी तिच्याच पेनड्राइव्हवर ठेवली आहे. "सौ." अजून तिथेच आहे.