स्पिटफायरचे स्टीअरिंग जॉइंट बदलले म्हणून ६४० पौंड घेतले, बदललं काहीच नाही

नुसते पैसे गेले असते तर गप्प बसले असते, पण इथे पुढचं चाक निखळायची वेळ आली होती म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

माझ्याकडे १९७३ ची ट्रायम्फ स्पिटफायर आहे, मार्क फोर. मी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळ राहते आणि ही गाडी पण तिथलीच, कॅनलीच्या कारखान्यातली. घेतली ती खरं तर बाबांमुळे. सांगलीला आमच्याकडे स्टँडर्ड हेरल्ड होती, मद्रासला बनायची ती, आणि स्पिटफायरचं पुढचं सस्पेन्शन म्हणजे हेरल्डचंच, त्यामुळे बाबा फोनवरसुद्धा गाडीबद्दल बरोब्बर प्रश्न विचारतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, चाक ज्या उभ्या दांड्यावर असतं ती व्हर्टिकल लिंक. तिला वर बॉल जॉइंट आणि खाली ट्रनियन, पितळेसारखा दिसणारा ब्राँझचा. लिंकच्या खालच्या टोकाला आटे असतात, ते ट्रनियनमध्ये बसतात आणि स्टीअरिंग वळवलं की आट्यांवरच फिरतात. तिथे घट्ट गिअर ऑइल लागतं, ईपी ९०. ग्रीस मारलं तर ते खालपर्यंत नीट पोचत नाही, पाणी शिरतं, आतल्या आत गंज धरतो आणि एक दिवस लिंक आट्यांपाशी तुटते, चाक आडवं पडतं. बहुतेकदा पार्किंगमध्ये फुल स्टीअरिंग मारताना तुटते म्हणतात, पण हायवेवर तुटली तर काय? ट्रायम्फच्याच जीटी-सिक्स, व्हिटेस या गाड्यांना पण हेच आहे, जुन्या लोटस एलानला सुद्धा.

मार्चमध्ये स्टीअरिंग ढिलं वाटायला लागलं, खड्ड्यातून गेलं की खट्ट आवाज यायचा. आता इथे ४० वर्षांवरच्या गाड्यांना २०१८ पासून एमओटी टेस्ट, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित आहे का ही दरवर्षीची तपासणी, सक्तीची नाही, त्यामुळे मी घेतल्यापासून गाडी कुणी खालून बघितलीच नव्हती, ही माझी चूक मी कबूल करते. क्लासिक गाड्यांचं काम करतो म्हणणाऱ्या एका गॅरेजवाल्याकडे नेली. माणूस गोड बोलणारा, माझ्यासमोर चाक जॅकवर उचलून हलवून दाखवलं, प्ले, म्हणजे ढिलेपणा, खरंच होता. दोन्ही ट्रनियन, वरचे बॉल जॉइंट, ट्रॅक रॉड एंड (स्टीअरिंगचा दांडा चाकाकडे जिथे जोडतो तो जॉइंट) सगळं मिळून ७२०, कॅश दिली तर ६४०. मी कॅश दिली.

तीन दिवसांनी गाडी मिळाली तर सगळं काळंभोर चकचकीत, जॉइंटमधून नवं ग्रीस बाहेर आलेलं, स्टीअरिंग पण घट्ट लागत होतं. बिल हाताने लिहिलेलं, "सर्व स्टीअरिंग जॉइंट नवीन" एवढंच. मी खूश. रात्री बाबांना फोन केला तर त्यांनी पहिलंच विचारलं, "जुने पार्ट परत घेतलेस का गं?" आपल्याकडे मिस्त्री जुना माल पेपरात गुंडाळून हातात देतो, बघा म्हणतो, इथे मला ते सुचलंच नाही. पुढचा प्रश्न, "आणि ग्रीस का दिसतंय? तिथे ऑइल लागतं ना?"

झोप लागली नाही. शनिवारी बॉनेट उघडलं. स्पिटफायरचं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उघडतं, टायरवर बसून सगळं सस्पेन्शन समोर दिसतं. गाडी घेताना काढलेले फोटो मोबाईलवर लावले. डाव्या ट्रॅक रॉड एंडच्या रबराला तेव्हा चंद्रकोरीसारखी चीर होती. नखाने काळा रंग खरवडला, तीच चीर, त्याच जागी, रंग चिरेच्या आत गेलेला. लॉकनटवर पाना लागल्याची खूण नाही, नट आणि रॉडच्या मधला गंज एकसंध, म्हणजे तो नट कुणी हलवलाच नव्हता. आणि ट्रॅक रॉड एंड खरंच बदलले असते तर नंतर ट्रॅकिंग, म्हणजे चाकांचं अलाइनमेंट, करावंच लागतं, बिलात त्याचा पत्ताच नाही, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

परत गेले तर म्हणाला हल्ली रबरं खराबच येतात, लगेच चिरतात. हे खोटं नाही हो, नव्या पार्टची रबरं खरंच वाईट येतात, म्हणूनच बहाणा पटण्यासारखा होता. जुने पार्ट मागितले तर भंगारात गेले. त्यानंतर फोन उचलणं बंद.

मग मुद्दाम एमओटी करून घेतली, पुढच्या जॉइंटमध्ये प्ले म्हणून फेल. दुसऱ्या मेकॅनिककडे गाडी टो करून नेली, वयस्कर माणूस, त्याने मला शेजारी उभं करून उजवा ट्रनियन सोडवला तर आतून चहासारखं तपकिरी पाणी आलं, ऑइलचा थेंब नाही, लिंकचे आटे गंजून खाल्लेले. तो काही बोलला नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. दोन्ही लिंक सुद्धा बदलाव्या लागल्या. त्यानेच शिकवलं की चाक उचलून वरून-खालून धरून हलवायचं आणि कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगायचं, ब्रेक दाबूनही हललं तर बेअरिंग नाही, ट्रनियन किंवा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडून धरून हललं तर ट्रॅक रॉड एंड बघायचा. आणि काम टाकण्याआधी प्रत्येक नटावर रंगाचा ठिपका देऊन फोटो काढून ठेवायचा.

कॅश दिल्याचा फटका असा की क्रेडिट कार्डवर १०० पौंडांच्या वरच्या कामाला बँकेकडे पैसे परत मागता येतात, ते माझं गेलं. २०१५ च्या ग्राहक कायद्याखाली पत्र पाठवलंय, फोटो आणि एमओटीचा फेल कागद जोडून, १४ दिवसांची मुदत दिलीय, नाहीतर स्मॉल क्लेम्स, म्हणजे छोट्या रकमेचा कोर्टातला दावा.

नव्या मेकॅनिकने न मागता जुने पार्ट बिस्किटाच्या डब्यात घालून दिले. बाबा म्हणतात डिसेंबरमध्ये येताना तो उजवा ट्रनियन घेऊन ये, मला आटे हातात घेऊन बघायचेत.