हृदयासाठी हळद: डब्यातली, साधी कॅप्सूल की मिरीच्या अर्काची कॅप्सूल?

रक्ततपासणीत एचएस-सीआरपीचा (शरीरातला दाह दाखवणाऱ्या सीआरपी या प्रथिनाचा) आकडा ३ च्या वर आला आणि डॉक्टरांनी ‘शरीरात दाह आहे, हृदयाची काळजी घ्या’ असे सांगितले, की मुंबईतला माणूस केमिस्टच्या काउंटरवर हळदीच्या कॅप्सूलची डबी हातात घेऊन उभा राहतो. त्याच्यापुढे तीन पर्याय असतात: घरच्या डब्यातली हळद, कर्क्युमिन या हळदीतल्या मुख्य घटकाची साधी कॅप्सूल आणि मिरीचा अर्क किंवा स्निग्ध घटक घालून शोषण वाढवलेली, अधिक महाग कॅप्सूल. या तिन्हींची एकमेकांशी तुलना करून भागत नाही; कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनसारख्या सिद्ध झालेल्या उपचारांशेजारीही ती ठेवून पाहावी लागतात, कारण खरा निर्णय तिथे होतो.

आधी त्या आकड्याविषयी. एचएस-सीआरपी प्रतिलिटर १ मिलिग्रॅमपेक्षा कमी असल्यास हृदयाचा धोका कमी, १ ते ३ असल्यास मध्यम आणि ३ पेक्षा अधिक असल्यास जास्त मानला जातो. १० च्या वर गेल्यास बहुधा संसर्ग किंवा इजा हे कारण असते. पावसाळ्यात ताप येऊन गेल्यावर लगेच केलेली तपासणी म्हणूनच निरुपयोगी ठरते. बरे वाटू लागल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ती पुन्हा करावी आणि मगच खर्चाचा विचार करावा.

दाह कमी केल्याने हृदयविकाराचा झटका टळू शकतो, हे २०१७ मध्ये कॅनाकिन्युमॅब या इंजेक्शनच्या चाचणीत दिसले. पूर्वी झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांच्या त्या चाचणीत कोलेस्टेरॉल न घटताही झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी घटले. मात्र जीवघेण्या संसर्गांचे प्रमाण वाढले. पुढच्याच वर्षी मेथोट्रेक्सेट या दाहविरोधी औषधाच्या कमी मात्रेची मोठी चाचणी हृदयाच्या बाबतीत निष्फळ ठरली. दाहाला विरोध करणारी प्रत्येक वस्तू हृदयाला वाचवतेच असे नाही, हे या दोन निकालांतून उघड होते, आणि हळदीच्या बाबतीत नेमका हाच मुद्दा जाहिरातींतून गाळला जातो.

कर्क्युमिनने सीआरपी काही प्रमाणात उतरतो, असे अनेक लहान चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणांत आढळले आहे; परंतु त्या चाचण्या बहुतांशी काही आठवड्यांच्या आणि थोड्या लोकांच्या होत्या. झटके कमी होतात का, या प्रश्नाला उत्तर देईल इतकी मोठी आणि दीर्घ चाचणी झालेली नाही. थायलंडमध्ये बायपास झालेल्या १२१ रुग्णांच्या अभ्यासात रोज ४ ग्रॅम कर्क्युमिनॉइड (कर्क्युमिन व त्याच्यासारखे हळदीतले घटक) घेणाऱ्यांत रुग्णालयातील झटक्यांचे प्रमाण ३० टक्क्यांऐवजी १३ टक्के आढळले, तेव्हा आशा वाढली होती. २०१८ मध्ये कॅनडात पोटातील महाधमनीच्या शस्त्रक्रियेच्या ६०६ रुग्णांना कर्क्युमिन दिले गेले, तेव्हा दाह कमी झाला नाहीच, उलट मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याचे प्रमाण १० टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर गेले. मी या दुसऱ्या, मोठ्या अभ्यासाला अधिक वजन देतो.

स्टॅटिनशी थेट तुलनाही झाली आहे. २०२२ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकने रोझुव्हास्टॅटिनची ५ मिलिग्रॅमची गोळी, निष्क्रिय गोळी आणि हळदीसह सहा पूरके २८ दिवस दिली. स्टॅटिनने वाईट कोलेस्टेरॉल सुमारे ३८ टक्क्यांनी उतरले. हळदीचा परिणाम निष्क्रिय गोळीपेक्षा लक्षणीय वेगळा नव्हता. २००८ च्या एका मोठ्या चाचणीत, सीआरपी वाढलेल्या पण कोलेस्टेरॉल फारसे नसलेल्या १७,८०२ जणांपैकी निम्म्यांना २० मिलिग्रॅम रोझुव्हास्टॅटिन दिले गेले, तेव्हा सीआरपी ३७ टक्क्यांनी आणि हृदयाच्या मोठ्या घटना ४४ टक्क्यांनी घटल्या होत्या. दाह हेच आपले कारण असेल, तर त्यावरही पुरावा असलेली गोळी ही आहे, आणि जनऔषधी केंद्रात स्टॅटिन स्वस्तात मिळते. डॉक्टरांनी लिहून दिलेले स्टॅटिन बंद करून ‘नैसर्गिक’ म्हणून हळदीची कॅप्सूल सुरू करणे हा या सगळ्यातला सर्वांत घातक निर्णय होय.

आता तीन प्रकार. हळदीच्या भुकटीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असते. अर्धा चमचा म्हणजे सुमारे दीड ग्रॅम हळदीतून ४५ मिलिग्रॅम मिळते, तेही आमटी-भाजीत तेलासोबत, म्हणजे शोषणाला थोडे अनुकूल. औषध म्हणून ही मात्रा किरकोळ आहे आणि अन्न म्हणून ती सुरक्षित आहे. इथली चिंता भेसळीची आहे: चकचकीत पिवळ्या रंगासाठी लेड क्रोमेट हे शिसे असलेले रसायन लावले जाते आणि शिसे स्वतःच रक्तदाब व हृदय बिघडवते. लालबागच्या डंकावर हळकुंडे दळून आणणाऱ्यांनी राजापुरी किंवा २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली सांगलीची हळद घेतानाही भडक, एकसारखी पिवळी हळकुंडे टाळावीत. हे रसायन पॉलिश करताना हळकुंडांवरच लावले जाऊ शकते.

५०० मिलिग्रॅमच्या, ९५ टक्के अर्काच्या साध्या कॅप्सूलमध्ये ४७५ मिलिग्रॅम कर्क्युमिनॉइड असतात. रंगद्रव्य म्हणून कर्क्युमिनची रोजची आंतरराष्ट्रीय स्वीकार्य मर्यादा शरीराच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला १८० मिलिग्रॅम आहे. एक कॅप्सूलच ही मर्यादा ओलांडते; तरीही साध्या कॅप्सूलमधले बरेचसे कर्क्युमिन शोषले न जाता बाहेर पडते, आणि माझ्या मते हा तिचा दोष असण्यापेक्षा तिचे संरक्षण आहे.

मिरीच्या अर्काची कॅप्सूल याच ‘उणिवे’वर विकली जाते. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधील १९९८ च्या अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरिन (मिरीतला तिखट घटक) दिल्यावर शोषण २,००० टक्क्यांनी वाढले, हा आकडा अनेक डब्यांवर छापलेला असतो. पायपरिन हे काम यकृत आणि आतड्यातील विघटनाची यंत्रणा मंद करून साधते, आणि तीच यंत्रणा आपल्या इतर गोळ्याही हाताळते. प्रोप्रानोलॉल (रक्तदाबाचे औषध) व फेनिटॉइनची (अपस्माराचे औषध) रक्तातील पातळी पायपरिनने वाढते. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी इटली, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात झाल्या असून त्यांत जास्त शोषणाच्या उत्पादनांचा वाटा ठळक आहे. हृदयरुग्णासाठी म्हणून मी हा महाग प्रकार सर्वांत खाली ठेवेन.

साध्या कॅप्सूलला खरी जागा मिळते ती गुडघेदुखीत. संधिवाताच्या दुखण्यावर कर्क्युमिन आयबुप्रोफेनच्या जवळपास उतरल्याचे थायलंडमधील चाचणीत दिसले आहे, आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या वेदनाशामकांनी झटक्याचा धोका वाढतो. ज्याचे हृदय नाजूक आहे आणि गुडघाही दुखतो, त्याने डॉक्टरांना सांगून दोन-तीन महिने साधी कॅप्सूल घेऊन पाहणे सयुक्तिक आहे.

केवळ सीआरपीसाठी खर्च करायचा असेल, तर आधी पोटाचा घेर (पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपर्यंत), हिरड्यांचे आजार, मिश्री-तंबाखू आणि साखर यांकडे वळावे. ही सगळी दाहाची नेहमीची उगमस्थाने आहेत.

स्टेंट बसवल्यावर क्लोपिडोग्रेल किंवा झडपेसाठी वॉरफरिन ही रक्त गोठू न देणारी औषधे घेणाऱ्यांनी कॅप्सूल टाळावी. न्यूझीलंडमध्ये वॉरफरिनवरील एका रुग्णाचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) हळदीचे पूरक सुरू केल्यावर १० च्या पलीकडे गेल्याची नोंद आहे. पित्ताशयात खडे असलेल्यांनी आणि मूतखड्याचा त्रास असलेल्यांनीही ती घेऊ नये. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी दोन आठवडे ती बंद करावी, आणि लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा अन्नावरची वासना गेली, तर कॅप्सूल त्याच दिवशी थांबवून यकृताची तपासणी करून घ्यावी व डबी डॉक्टरांना दाखवावी.